पुंजाजींचं जाजम

"आबा, आपल्या या जाजमावर शेवटचा निर्णय कोणता झाल्ता? आन् कवा?"

निशिगंधानं हे विचारलं आणि आबांचा, म्हणजे तिच्या आजोबांचा, उत्तमरावांचा अडकित्ता सुपारीच्या मधोमध थांबला. गोपाल मोठेबाबांची, म्हणजे थोरल्या काकांची, चिवड्यानं भरलेली मूठ तोंडापासून चार बोटांवर अडकली. तिचे वडील शेखर यांनी वर पंख्याकडे पाहिलं. घरात काहीही अवघड निघालं की ते पंख्याकडे पाहत. पंखा इतक्या वर्षांत एकदाही काही बोलला नव्हता, पण त्यांनी आशा सोडली नव्हती.

प्रश्न निशीचा एकटीचा नव्हता. काल बसस्टँडवर मैत्रिणींनी तिला भरीला घातलं होतं. "लय बोलतं न तू, मंग भर बैठकीत इचारून दाखव," छकुली म्हणाली होती. अदीबानं वर दोन कचोऱ्यांची पैज लावली. "नै पूछती तू. लिख के देती मैं."

पैज कचोऱ्यांची असली तरी निशीची भूक वेगळी होती. आज संध्याकाळी सहाला अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशाची फेरी बंद होत होती. अदीबाचा भाऊ आमीर याचं चिखलीला फॉर्म भरून देण्याचं दुकान होतं. तिथं निशीचा अर्ज भरून पडला होता. पहिल्या पसंतीत कोणतं कॉलेज टाकायचं तेवढं सांगायचं, आणि पप्पांच्या मोबाइलवर येणारा सहा आकडी ओटीपी द्यायचा. बस. दहावीला तिला एक्क्याण्णव टक्के पडले होते, गणितात सत्त्याण्णव. तेव्हापासून या एका विषयावर घरानं पाच वेळा जाजम अंथरलं होतं. आजची सहावी वेळ.

जाजमाचा नियम घरात पाळण्यातल्या पोरालाही पाठ. पणजोबा पुंजाजींनी जालन्याच्या बाजारातून आणलेलं ते लाल-निळ्या पट्ट्यांचं जाजम टाकल्याशिवाय कोणतीही मोठी गोष्ट ठरायची नाही. त्यावर कर्त्यांनी बसायचं. एकमत होईपर्यंत उठायचं नाही, आणि एखादा उठलाच तर बैठक मोडली, विषय पुढच्या खेपेला. ऐकायला नियम फार थोर होता. प्रत्यक्षात त्याचा अर्थ एवढाच, की ज्याला एखादी गोष्ट नको असेल त्यानं 'नको' म्हणून वाईट व्हायची गरजच नव्हती. त्यानं फक्त उठायचं. पंच्याहत्तरीतल्या आबांना दर दीड तासानं मोरीकडे जावं लागे. त्यामुळे त्या घरात सगळ्यांत वजनदार मत जर कुणाचं असेल, तर ते आबांच्या लघवीचं.

सुना जाजमावर बसत नसत. त्या स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी बसत. त्यांचंही मत घेतलं जाई, नाही असं नाही. चहा आत्ता ठेवायचा की थोड्या वेळानं, याबद्दल.

"असा कसा प्रश्न?" आबांचा अडकित्ता पुन्हा चालू झाला. "लय निर्णय झाले. ढीगभर झाले."

"एक सांगा."

"बोर," मोठेबाबा मूठ तोंडात टाकून म्हणाले. "बोरचा निर्णय इथंच झाला."

"बोर कुठं घ्याचा ते ठरलंच नाई, मोठेबाबा. तुम्ही म्हणले लिंबापाशी, आबा म्हणले बांधाजवळ, पप्पा म्हणले दोघाइचंबी बरोबर हाय. तीन बैठका झाल्या. तवर शकूरचाचानं त्याइच्या वावरात बोर घेतला. आता आपण त्याइच्याच पाण्यावर सोयाबीन काढून राह्यलो."

"मंग आमच्या प्रेमचं लग्न," उंबऱ्याशी बसलेली मोठीआई गीताबाई म्हणाली. पुण्याला कंपनीत असलेला प्रेम तिचा एकुलता एक मुलगा, आणि त्याचा विषय निघाला की ती उंबऱ्यावरून दोन बोटं पुढं सरकायची.

"प्रेमदादाचं लग्न कुठं झालं, मोठीआई?"

"ठरलं तं होतं न. पोरगी सगळ्याइले पसंत होती."

"हाव, पण पसंतीचा फोन आबांनी कराचा का मोठेबाबांनी, यावर दोन बैठका गेल्या. त्या पोरीले आता जुळे हायेत."

मोठीआई दोन बोटं मागं सरकली.

"तुह्यं नाव!" शेखर एकदम पंख्यावरून खाली आले. त्यांचा चेहरा उजळला. "तुह्यं नाव आपण या जाजमावर ठेवलं. मले पक्कं याद हाय."

"नाव दवाखान्यातल्या सिस्टरनं ठेवलं," संजीवनी, निशीची आई, तांदूळ निवडता निवडता म्हणाली. मान वर न करता. "तुमचे इथं तीन नावं निघाले होते. एकमत होत नव्हतं. नोंदीचा कागद तसाच पडून होता. शेवटी सिस्टरनं तिच्या भाचीचं नाव टाकलं, आन् मले इचारलं, बाई, चालीन का? मी म्हणलं, चालीन."

निशीनं हे आज पहिल्यांदाच ऐकलं. आपण कुण्या अनोळखी भाचीच्या नावानं सोळा वर्षं फिरतोय याचं तिला एवढं काही वाटलं नाही. वाटलं ते दुसरंच. आपल्याबद्दलची एक गोष्ट कुणीतरी एका मिनिटात ठरवली होती, आईला विचारून ठरवली होती, आणि ती बाई या घरातली नव्हती.

"दुरुस्ती," आबा विजयानं म्हणाले. "जाजमाची दुरुस्ती कराची, हे ठरलं का नाई?"

हे मात्र खरं होतं. जाजमाच्या कोपऱ्यात रुपयाएवढं भोक पडलं, तेव्हा ते शिवायचं यावर चक्क एकमत झालं होतं. ठिगळ लाल लावायचं की निळं, एवढंच राहिलं होतं. भोक आता ताटाएवढं झालं होतं आणि त्यावर पानाचा डबा ठेवलेला असे.

"पोरीनं फाटे फोडू नये," आबांनी डबा नीट सरकवून भोक झाकलं. "मुद्द्यावर या. माह्यं म्हणणं सोपं हाय. गावात अकरावी हाय. आर्ट्स हाय. सकाळी जाय, दुपारी भाकर खाले घरी. पोरीच्या जातीले—"

"पोरीच्या जातीले गणितात सत्त्याण्णव पडले, आबा."

"मी तं पह्यल्यापासून म्हणतो, लातूरले टाका," मोठेबाबा म्हणाले. "डॉक्टर होते पोरगी."

मोठेबाबांना लातूर कोणत्या दिशेला आहे ते बोट करून दाखवता आलं नसतं. पण चैत्रात बांधावरची बाभूळ तोडण्यावरून जे भांडण झालं, त्यानंतर बाप आणि थोरला लेक एका बाजूला कधी बसलेच नव्हते. आबा गाव म्हणाले की मोठेबाबांना जमेल तितकं लांबचं काहीतरी म्हणणं भाग होतं. आबा चिखली म्हणाले असते तर मोठेबाबांनी तिला रशियाला धाडलं असतं.

"माही बहीण देऊळगाव राजाले हाय," मोठीआईनं उंबऱ्यावरून पान टाकलं. "तिच्याइथं राहीन. घरचं जेवण. वरतून बालाजीचं दर्शन."

"तुह्या बहिणीचा नवरा तुमच्या लग्नात मले रामराम न करता निंघून गेल्ता," आबा म्हणाले.

"त्याले एकतीस वर्ष झाले, मामाजी."

"रामराम आजून आला नाई."

आबांचा देऊळगावला विरोध आहे हे ऐकताच मोठेबाबांनी मांडी बदलली. "पाह्यलं तं देऊळगाव वाईट नाई."

"आत्ता लातूर म्हणत होता न बे?"

"इचार केला, बदललं."

"कवा केला इचार?"

"तुम्ही बोलून राह्यलते तवा."

"मंग लातूरच बरं!" आबांनी सुपारीचं खांड फाडकन तोडलं. "पोरगी डॉक्टर होते."

पाच मिनिटांत दोघांनी जागा बदलल्या होत्या. गावच्या अकरावीला आता कुणी वाली उरला नव्हता, आणि ते दोघांच्याही ध्यानात आलं नव्हतं. निशी दोघांकडे आळीपाळीनं पाहत राहिली. तिला हसू आवरेना, आणि त्याच वेळी नजर पुन्हा पुन्हा भिंतीवरच्या घड्याळाकडे जात होती. हे दोघं ज्या चेंडूनं खेळत होते, तो चेंडू ती होती.

"शेखर, तुह्यं काय?"

शेखरनी पंख्याकडे पाहिलं. "दोघाइचंबी बरोबर हाय," ते म्हणाले. "पाहू."

'पाहू' हा त्यांचा शब्द. तो ते रागानं म्हणत नसत, टाळायचं म्हणूनही म्हणत नसत. दोन्ही बाजूंना बरं वाटावं म्हणून म्हणत. त्यांच्याइतका चांगला माणूस गावात नव्हता, आणि त्यांच्या चांगुलपणानं आजवर कुणाचं एक कामही झालं नव्हतं.

"तिले काय पायजे, ते तरी कोनी इचारा," संजीवनीनं सुपातून एक खडा उचलून बाहेर टाकला.

"इचारू न," आबा समजुतीनं म्हणाले. "आधी आपलं तं ठरू द्या."

निशीच्या मांडीवरचा मोबाइल थरथरला. अदीबा. 'क्या हुआ? भाई पूछ रा. ५ बजने आए.'

"मी सांगतो मले काय पायजे," निशी उभी राहिली. उभं राहायचं नसतं हे आठवून लगेच बसली. "मले चिखलीले जाचं हाय. सायन्स, गणित घेऊन. सकाळी पावणेसातची बस हाय, तीनच्या बसनं वापस. पोरीइले पास फुकट हाय. आर्ट्स वाईट नाई आबा, पण मले गणित येते. आवडते. लातूरले मले डॉक्टर व्हाले जाचं नाई. देऊळगावले मावशीच्या घरी भांडे घासत अभ्यास कराचा नाई." ती श्वास घ्यायला थांबली. "झालं माह्यं."

सगळ्यांनी तिचं मन लावून ऐकलं होतं. मध्ये कुणी बोललं नव्हतं. मोठेबाबांनी तर चिवडाही खाल्ला नव्हता. क्षणभर तिला वाटलं, झालं.

"शाबास," आबा म्हणाले. "म्हणजे तुह्यं धरून आता चार मतं झाले." हे त्यांनी अशा समाधानानं सांगितलं, जणू चार पोती जास्त झाली होती. "मंग एकमताले जरा आजून इचार लागीन."

आणि गुडघ्यावर हात टेकून ते उठले. मोरीकडे गेले.

बैठक मोडली. मोठेबाबा पाय मोकळे करायला बाहेर पडले. बैठक मोडली की त्यांची चाल फार हलकी व्हायची. मोठीआईनं बहिणीला फोन लावला, 'पाहून राह्यले, पाहून राह्यले' असं सांगायला. शेखर जाजमावरून उठले, निशीच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "पाहू, बेटा," आणि उंबऱ्याशी जाऊन उगाच तांदूळ निवडू लागले. भिंतीवर पाच वाजून दहा मिनिटं झाली होती.

निशी एकटीच जाजमावर बसून राहिली. रडू येत होतं. पण रडायचं की नाही यावरही या घरात बैठक बसेल असं मनात आलं, आणि तिनं तो बेत सोडला.

"उठ व माय. घडी घालाची हाय."

कचरूआजा दारात उभा होता. ऐंशीच्या घरातला, पाय फेंगडे झालेला, या घरचा जुना सालदार. शेतातलं काम सुटून त्याला पंधरा वर्षं झाली, पण जाजम टाकणं आणि गुंडाळणं हे त्याचं काम सुटलं नव्हतं. बैठक असली की त्याला निरोप जायचा. तो यायचा, जाजम टाकायचा, पायरीवर बसायचा, आणि मोडली की गुंडाळायला आत यायचा.

"कचरूआजा, पुंजाजी पणजोबा होते तवाबी असंच चालाचं?"

"असंच म्हंजे?"

"म्हंजे दीड दीड घंटा बसाचं, आन् मंग उठून जाचं."

"दीड घंटा?" कचरूआजा बोळकं उघडून हसला. "चिलीम इझाच्या आत घरी जात होते सारे."

"एवढ्यात ठराचं?"

"ठराचं?" त्यानं जाजमाचं एक टोक उचललं आणि पुन्हा सोडलं. "जाजमावर कायचं ठरते, माय? ठरवून तं ते वावरातूनच येत. मले म्हणत, कचरू, जाजम टाक, साऱ्याइले बलाव, सांगाचं हाय. सांगाचं. इचाराचं नाई."

निशी त्याच्याकडे पाहतच राहिली. "आन् ते उठाचं नाई, ते?"

"ते त्याइचं सांगून होईस्तवर. मधातच कोनी तणतणत जाऊ नये म्हणून."

म्हणजे ज्या फळ्यावर नुसती सूचना लावायची, त्या फळ्यापुढं हे घर तीन पिढ्या मतदानाला रांग लावून उभं होतं! निशीला इतकं हसू फुटलं की उंबऱ्याशी बसलेल्या आईनं वर पाहिलं.

"कचरूआजा, हे तुम्ही आजवर कोणाले सांगतलं काऊन नाई?"

"मले कोनं इचारलं?" तो म्हणाला. त्याच्या आवाजात राग नव्हता. "मी तं जाजम टाकतो."

निशीचं हसू तिथल्या तिथं विझलं. या घरात सोळा वर्षं तिनंही त्याला पायरीवर बसलेलं पाहिलं होतं. चहा नेऊन दिला होता, फुटका कान असलेल्या कपातून. विचारलं काही नव्हतं.

"मंग पणजोबा कोणालेच इचारत नव्हते का?"

"इचारत नाई कसे? ज्याचं काम त्याले इचारत. बैल घ्याचा होता तवा मले घेऊन गेले बजारात. काऊन का हाकणार मी होतो. तुह्या आबाले नाई इचारलं." त्यानं मोरीच्या दिशेनं पाहत आवाज खाली आणला. "त्याचा राग आबाले आजून हाय."

"आन् चुकत नव्हते कधी?"

"चुकत नाई? पाणी साचते त्या खालच्या वावरात संत्र्याची बाग लावली. मी म्हणलं होतं, मालक, नोका लावू. नाई आयकलं. सारी सडली. मंग दुसऱ्या साली जाजम टाकलं न म्हणले, माह्यं चुकलं, उपटा. त्याइनं आन् मी, दोघानं उपटली. कपाशी लावली." कचरूआजानं पुन्हा जाजमाचं टोक हातात घेतलं. "लावलं होतं म्हणून उपटता आलं, माय. उठ आता."

निशी उठली. पण बाजूला झाली नाही. "गुंडाळू नोका. टाका पुन्हा."

"कोनं सांगतलं?"

"मी."

कचरूआजानं तिला एकदा खालून वरपर्यंत पाहिलं. मग जाजम दोन्ही हातांनी उचलून असं झटकलं, की चिवड्याचे शेंगदाणे पार ओसरीपर्यंत उडाले. नीट ताणून, सुरकुती काढून, त्यानं ते पुन्हा टाकलं. भोकावर ठेवायला पानाचा डबा उचलला, तर निशी म्हणाली, "राहू द्या उघडं."

तिनं अदीबाला फोन लावला. "पह्यल्या पसंतीत चिखली टाक म्हणा आमीरभाईले. सायन्स. आन् ओटीपी पाठवाले लाव."

"पूछी क्या तू?"

"पूछी. कचोरी तयार ठेव."

"घर में मान गए?"

"आता सांगतो त्याइले," निशी म्हणाली आणि फोन ठेवला. "आई! पप्पा! इकडं या. बसा."

शेखर हातातले तांदूळ तसेच मुठीत धरून आले. जाजमाच्या काठाशी थांबले. "आबाइले येऊ दे न आधी."

"आबा येतीन. बसा तुम्ही."

संजीवनी उठली. पदराला हात पुसले, उंबरा ओलांडला आणि जाजमावर येऊन बसली. अठरा वर्षं ती हे जाजम झाडत होती. बसली आज. कोपऱ्यात बसली, भोकाच्या शेजारी, पण बसली. मोठीआईच्या हातातल्या फोनमधून बहीण 'हॅलो, हॅलो' करत राहिली.

आबा मोरीतून आले ते दारातच थबकले. "आता कायची बैठक? मोडली न? आन् सून जाजमावर?"

"ही बैठक नाई, आबा. तुम्हीबी बसा ऐकाले. कचरूआजा, तुम्हीबी."

"मी उभाच बरा," कचरूआजा म्हणाला. पण चप्पल काढून त्यानं एक पाय जाजमावर ठेवला.

"आई, सकाळी साडेपाचले मले उठवशीन?"

"मी पाचलेच उठतो."

"पप्पा, बस हुकली तं फाट्यापर्यंत गाडीनं सोडसान?"

शेखरनी सवयीनं वर पाहिलं. लाइट गेली होती. पंखा कधीचा बंद पडला होता. त्यांनी मान खाली आणली. समोर लेक होती, दुसरं पाहायला काही नव्हतं.

"सोडीन," ते म्हणाले. आपल्या तोंडून निघालेला शब्द ऐकून ते स्वतःच जरा दचकले.

"ज्याइचं काम होतं त्याइले इचारून झालं," निशी म्हणाली. तिनं मांडी घातली, पाठ ताठ केली. आवाज मोठा केला. "आता ऐका. मधात कोणी उठाचं नाई. मी अकरावीले चिखलीले जाणार. सायन्स, गणित घेऊन. माह्यं ठरलं. चुकलं तं पुढच्या साली हेच जाजम टाकून सांगीन का चुकलं, आन् माह्या हातानं उपटीन. पप्पा, मोबाइल काढा. सहा आकडे आले असतीन. वाचा. मोठ्यानं वाचा, आबाइलेबी ऐकू गेले पायजे."